डेमोगॉर्गन समोर आला तर? 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मधल्या न जिंकता येणाऱ्या लढाईतून जिवंत कसं सुटायचं

'स्ट्रेंजर थिंग्ज'चा अगदी पहिला भाग आठवतोय? नोव्हेंबर १९८३, तळघरातलं टेबल, चार मुलं आणि त्यांच्यासमोर अचानक आलेला डेमोगॉर्गन. एक मित्र ओरडतो, आगीचा गोळा टाक. विल म्हणतो, त्यासाठी १३ किंवा त्याहून जास्त पडावे लागतील. दुसरा म्हणतो, नको, त्यापेक्षा संरक्षणाचा मंत्र म्हण. विल आगीचा गोळा निवडतो. फासा टेबलावरून घरंगळत खाली पडतो आणि तेवढ्यात माइकची आई खेळ थांबवते. नंतर घरी जायला निघताना विल माइकला प्रामाणिकपणे सांगून टाकतो की फाशावर ७ पडले होते, डेमोगॉर्गनने त्याला गाठलं.

(खरं तर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांनुसार आगीचा गोळा टाकणाऱ्याला नेम लागला की नाही यासाठी फासा टाकावाच लागत नाही. ज्याच्यावर गोळा येतो त्याने वाचण्यासाठी फासा टाकायचा असतो. पण मालिकेला एवढी सूट देऊ.)

त्या प्रसंगात एक गोष्ट कुणाच्याच तोंडून येत नाही, ती म्हणजे 'पळा'. आगीचा गोळा की संरक्षण, एवढाच वाद होतो. 'डी अँड डी' खेळायला बसलेल्या जवळपास प्रत्येक नव्या गटाचं हेच होतं. समोर मॉन्स्टर आला म्हणजे तो मारायचाच, आणि मारता येणार नसता तर डीएमने आणलाच नसता, असं सगळे गृहीत धरतात. डीएम म्हणजे डन्जन मास्टर, गोष्ट सांगणारा आणि मॉन्स्टर चालवणारा. इकडे तो मनात म्हणत असतो, 'एवढा मोठा ड्रॅगन दाखवलाय, आता तरी हे पळतील.' दोघंही एकमेकांची वाट बघत राहतात आणि पाऊण तासात सहा महिन्यांची गोष्ट संपते. याला खेळणाऱ्यांच्या भाषेत 'टीपीके' म्हणतात, टोटल पार्टी किल. सगळी पात्रं एकाच लढाईत खलास.

हे टाळता येतं का? बहुतेक वेळा येतं. पण त्यासाठी 'जिंकणं' म्हणजे काय, ते आधी बदलावं लागतं.

ज्यांना हा खेळ माहीतच नाही त्यांच्यासाठी

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ १९७४ मध्ये बाजारात आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी पुजारी. काय करायचं ते तोंडाने सांगायचं आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकायचा, बहुतेकदा वीस बाजूंचा. प्रत्येक पात्राला 'हिट पॉइंट्स' असतात. मार बसला की ते कमी होतात, शून्यावर आले की पात्र कोसळतं. पात्र अनुभवाने वरच्या 'लेव्हल'ला जातं तसे हे पॉइंट्स वाढतात. लढाई फेऱ्यांमध्ये चालते आणि एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद.

व्हिडिओ गेमसारखं मागे जाऊन 'सेव्ह' केलेल्या ठिकाणापासून पुन्हा सुरू करता येत नाही. मेलेलं पात्र मेलं. वरच्या लेव्हलला परत जिवंत करणारे मंत्र मिळतात, पण ते महागडे असतात, आणि ते म्हणणारा पुजारीच मेला असेल तर प्रश्नच मिटला.

मुळात अशी लढाई खेळात असतेच का?

कारण सुरुवातीच्या काळात लढणं हा खेळाचा मुख्य भागच नव्हता. १९८१ साली टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेली 'बेसिक' आवृत्ती आली. तिचा हिशेब बघा. एक गॉब्लिन मारला तर सगळ्या पार्टीत मिळून ५ अनुभव गुण. तेच १०० सोन्याची नाणी जिवंत बाहेर आणली तर १०० गुण. म्हणजे गॉब्लिनशी लढण्यात फायदा कमी, त्याच्या मागच्या दाराने खजिना लांबवण्यात जास्त. त्याच नियमांत मॉन्स्टर भेटल्यावर तो कसा वागेल हे ठरवायला दोन फासे टाकायची सोय होती. २ पडले तर तो सरळ अंगावर येतो, १२ पडले तर चक्क मैत्री करतो, मधल्या आकड्यांवर बोलण्याला वाव. मॉन्स्टरचं धैर्य मोजायचा आकडाही होता, त्यामुळे साथीदार पडू लागले की तेही पळून जायचे. आणि तुम्ही पळताना मागे खाणं टाकलं तर बिनडोक प्राणी त्यासाठी थांबण्याची शक्यता निम्मी. हुशार शत्रूसाठी खाण्याऐवजी खजिना टाकायचा.

गायगॅक्स यांचं 'टूम ऑफ हॉरर्स' हे थडगं तर याबाबतीत कुप्रसिद्धच. १९७५ साली 'ओरिजिन्स' या खेळ-संमेलनात ते पहिल्यांदा खेळवलं गेलं, १९७८ मध्ये छापून आलं. आपली पात्रं अजिंक्य आहेत असं समजणाऱ्या खेळाडूंना जमिनीवर आणण्यासाठी ते रचलं होतं. थडग्याच्या तळाशी ॲसरेरॅक नावाची एक कवटी आहे, आणि नेहमीची शस्त्रं तिच्यावर जवळजवळ निरुपयोगी ठरतात. गायगॅक्स यांच्याच गटातल्या रॉब कुंट्झ यांचं रोबिलार हे पात्र तिथून सुटलं. त्याने सापळे तपासायला ऑर्क पुढे पाठवले (माणुसकीच्या दृष्टीने याचं कौतुक करता येणार नाही). शेवटी कवटी हवेत उठू लागली तेव्हा लढायच्या भानगडीत न पडता खजिना पिशवीत भरला आणि धूम ठोकली. ॲसरेरॅक तसाच राहिला. पण जिवंत बाहेर कोण आलं आणि सोनं कुणाकडे गेलं, हे बघितलं तर हरलं कोण?

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत मॉन्स्टरना 'चॅलेंज रेटिंग' मिळालं, म्हणजे कुठल्या लेव्हलच्या पार्टीला कोण झेपेल याचा आकडा. तेव्हापासून 'डीएम आपल्याला झेपेल तेच आणणार' ही समजूत रुजली. गंमत अशी की त्याच आवृत्तीच्या डीएमसाठीच्या पुस्तकात लढायांचं प्रमाण सुचवणारा तक्ता होता आणि त्यात १०० पैकी ५ लढाया पार्टीच्या आवाक्याबाहेरच्या असाव्यात असं स्पष्ट म्हटलं होतं. तिथे पळणं हाच शहाणपणा, असंही पुढे लिहिलं होतं. डीएमसाठीचं पुस्तक खेळाडू सहसा वाचत नाहीत, तिथेच घोळ झाला.

व्हेनमफँगचं उदाहरण

आता एक खरीखुरी लढाई आकड्यांसकट बघू. पाचव्या आवृत्तीचा 'स्टार्टर सेट' २०१४ मध्ये आला. त्यातलं 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' हे साहस जगभरातल्या असंख्य नव्या गटांनी पहिल्यांदा खेळलेलं साहस आहे. त्यात थंडरट्री नावाचं ज्वालामुखीच्या राखेत उद्ध्वस्त झालेलं गाव लागतं. तिथल्या पडक्या मनोऱ्यात व्हेनमफँग हा तरुण हिरवा ड्रॅगन मुक्कामाला आलेला असतो. पार्टी तिथे पोहोचते तेव्हा बहुधा तिसऱ्या लेव्हलला असते.

सेटसोबत आलेली तयार पात्रं तिसऱ्या लेव्हलला धरली, तर सरासरीने हिट पॉइंट्स असे येतात: योद्धा २८, ठेंगू (ड्वार्फ) पुजारी २७, हाफलिंग चोर २१, एल्फ जादूगार २०. व्हेनमफँगचे १३६. त्याला लागायला हल्ल्याचा आकडा १८ किंवा वर यावा लागतो, म्हणजे या लेव्हलला दहापैकी चारच वार बसतात.

पण खरी भीती त्याच्या श्वासाची. तोंडातून ३० फूट लांब शंकूच्या आकारात विषारी वायू सुटतो. सहा बाजूंचे १२ फासे, सरासरी ४२. ज्याचा बचावाचा फासा चांगला पडेल त्याला निम्मे, २१.

जरा हिशेब करा. बचाव चुकला तर योद्धा कोसळतो. जादूगार तर जागीच मरतो, कारण शून्यावर आल्यानंतर उरलेला मार जर तुमच्या पूर्ण हिट पॉइंट्सइतका असेल तर नियमाप्रमाणे थेट मृत्यू येतो. ४२ वजा २० म्हणजे २२ उरतात. चोराचंही तेच, ४२ वजा २१ बरोबर २१. बचाव साधला तरी २१ चा मार या दोघांना झोपवायला पुरेसा. फक्त ड्वार्फ पुजारी उभा राहतो, कारण ड्वार्फना विषाचा मार मुळातच निम्मा लागतो. चौघे एकत्र दारातून आत गेले आणि ड्रॅगनने पहिल्याच फेरीत श्वास सोडला, तर सहा सेकंदांत गोष्ट आटोपली. अनेक टेबलांवर अगदी असंच झालेलं आहे.

म्हणजे ही लढाई अशक्य आहे का? १३६ हिट पॉइंट्स शून्यावर आणायचे म्हटलं तर जवळजवळ अशक्य. चौघांनी आपलं सगळं चांगलं ते वापरलं, जादूगाराने कधीच न चुकणारे 'मॅजिक मिसाइल' दुसऱ्या पातळीवरून सोडले, तर एका फेरीत सरासरीने ३० च्या आसपास मार बसतो. म्हणजे जवळपास पाच फेऱ्या, आणि दोन फेऱ्यांनंतर जादूगाराचे मोठे मंत्र संपतात. एवढा वेळ ड्रॅगन देत नाही.

मात्र त्या साहसातच डीएमसाठी एक सूचना लिहिलेली आहे. हिट पॉइंट्स निम्म्यावर आले की व्हेनमफँग लढाई सोडून उडून जातो. म्हणजे लक्ष्य १३६ वरून ६८ वर आलं. पाचऐवजी सुमारे अडीच फेऱ्या. तो तरुण ड्रॅगन आहे, एका पडक्या मनोऱ्यासाठी जीव द्यायची त्याला काय गरज? खेळाडूंना हा आकडा माहीत नसतो, पण अंदाज बांधता येतो. समोरच्याला या जागेसाठी मरायचं आहे का, हा प्रश्न कुठल्याही मॉन्स्टरबद्दल विचारता येतो. लांडग्याला मरायचं नसतं, भाडोत्री सैनिकाला तर नाहीच. झोंबीला फरक पडत नाही. तिथे घाबरवण्यात वेळ घालवू नये.

आणखी एक गोष्ट. या गावात पार्टी येते ती मुळात रीडॉथ नावाच्या ड्रुइडकडून माहिती घ्यायला. ती मिळाली की गोष्ट पुढे सरकते, ड्रॅगनला हातही न लावता. रीडॉथला ड्रॅगन गेलेला हवा असतो हे खरं, मनोऱ्यात चांदी-सोनं आणि एक जादुई कुऱ्हाड आहे हेही खरं. पण ते 'मिळालं तर बरं' या सदरातलं. आपण इथे कशासाठी आलो होतो, हे कुणीतरी टेबलावर मोठ्याने विचारलं तरी निम्म्या पार्ट्या वाचतील.

बोलून काही होतं का?

होतं, आणि नवे खेळाडू नेमकं हेच विसरतात. व्हेनमफँगची बुद्धी १६ आहे, तो माणसांची भाषा बोलतो. हिरवे ड्रॅगन या खेळात कपटी आणि कारस्थानी म्हणून ओळखले जातात. मारण्यापेक्षा दुसऱ्याला नाचवण्यात त्यांना जास्त रस. अशा प्राण्याला मेलेल्या चार भुरट्यांपेक्षा जिवंत चार हस्तक जास्त उपयोगी. थंडरट्रीत ड्रॅगनशी हातमिळवणी करायला आलेले मुखवटेधारी भक्तही फिरत असतात. ती माहिती विकता येते, स्तुती करता येते, खंडणी कबूल करता येते.

फक्त 'मी त्याच्याशी बोलतो, फासा टाकू?' एवढं म्हणून भागत नाही. काय देणार, ते सांगा. फासा हा देवाणघेवाणीचा निकाल लावायला असतो, तिची जागा घ्यायला नाही. आणि ड्रॅगन शब्द पाळेल यावर विसंबू नका. तुम्हाला त्याच्याकडून दहा मिनिटं हवी आहेत, आयुष्यभराची मैत्री नको.

लढायचंच ठरलं तर

आधी पसरा. शंकू ३० फुटांचा आहे, म्हणजे चौघे एकमेकांपासून लांब उभे असतील तर एका श्वासात एक, फार तर दोन जण सापडतात. धनुष्य आणि मंत्रवाल्यांनी ३० फुटांच्या बाहेर राहावं. ड्रॅगन एका चालीत ८० फूट उडतो, त्यामुळे हे कायमचं संरक्षण नव्हे. पण तो एकाकडे वळला की बाकी तिघे मोकळे असतात.

दुसरं, पुजाऱ्याकडे तिसऱ्या लेव्हलला 'प्रोटेक्शन फ्रॉम पॉइझन' हा दुसऱ्या पातळीचा मंत्र असू शकतो. त्याने तासभर विषाचा मार निम्मा होतो आणि मंत्र टिकवायला लक्ष केंद्रित ठेवावं लागत नाही. असे दोन मंत्र म्हणता येतात. एक योद्ध्यावर, एक जादूगारावर टाकला की ४२ चे २१ होतात. योद्धा उभा राहतो आणि जादूगार पडला तरी जागीच मरत नाही. बचावही साधला तर दोघांनाही १० च्या आसपासच लागतं. एका पुजाऱ्याच्या दोन मंत्रांनी सगळं चित्र पालटतं. पण त्यासाठी मनोऱ्यात ड्रॅगन आहे हे आधी कळलेलं असावं लागतं, म्हणजे गावात शिरल्यावर रीडॉथशी आधी बोलणं आलं.

तिसरं, श्वास एकदा सोडला की लगेच परत येत नाही. ड्रॅगनच्या प्रत्येक पाळीला सहा बाजूंचा फासा टाकतात, ५ किंवा ६ पडले तरच. सलग दोन पाळ्या श्वासाविना जाण्याची शक्यता ९ पैकी ४. म्हणून पहिला श्वास पडल्यानंतरचा क्षण हा ठरवायचा क्षण असतो, सगळी ताकद आता ओतायची की आता निघायचं.

झोपेच्या मंत्रावर भरवसा ठेवू नका. तो पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत सरासरी २२ हिट पॉइंट्सपर्यंतच्यांना झोपवतो. गॉब्लिनच्या टोळीला रामबाण, ड्रॅगनला अंगाई. (२०२४ च्या सुधारित नियमांत या मंत्राचं काम बदललं आहे. या लेखातले आकडे २०१४ च्या पुस्तकांवरून घेतले आहेत.)

पळायचं कसं, आणि पळणं एवढं अवघड का जातं?

सरळ रेषेत पळून ड्रॅगन चुकवता येत नाही. माणूस सगळी पाळी धावण्यात घालवली तर ६० फूट जातो, ड्वार्फ आणि हाफलिंग ५० फूट. ड्रॅगन तेवढ्याच वेळात १६०. त्यामुळे 'आम्ही पळतो' एवढं सांगणाऱ्या पार्टीचं पुढे काय होणार हे उघड आहे. कुठे पळायचं ते हवं. दाट झाडी, तळघर, नदी, अरुंद बोळ. धुकं पाडणारा मंत्र असेल तर उत्तम. हिरव्या ड्रॅगनला ३० फुटांपर्यंत न बघताही सगळं जाणवतं, त्यापलीकडे मात्र तोही धुक्यात आंधळाच.

पाचव्या आवृत्तीच्या डीएमच्या पुस्तकात पाठलागाचे वेगळे नियम आहेत, ते फार कमी टेबलांवर वापरले जातात. त्यात पळणारे आणि पाठलाग करणारे एकमेकांवर निसटतानाचा फुकटचा वार करू शकत नाहीत. धावण्यालाही मर्यादा येते. तीन अधिक तुमच्या दमाचा आकडा, एवढ्या वेळा फुकट धावायचं, त्यानंतर प्रत्येक वेळी दम टिकतो का यासाठी फासा. रस्त्यात अडथळे येतात, लपायची संधी मिळते. डीएमला सरळ विचारा, 'आता लढाई थांबवून पाठलाग सुरू करता येईल का?' बहुतेक डीएम खुशीने हो म्हणतात. त्यांनाही तुमचा अंत करायचा नसतो.

पण पळण्यातली खरी अडचण अंतराची नाही. लढाई पाळीपाळीने चालते, त्यामुळे माघारीचा निर्णय प्रत्येकाला एकट्याला, आपल्या पाळीला घ्यावा लागतो. जो पहिला निघतो तो मागच्यांची संख्या कमी करतो, म्हणजे शेवटी राहिलेल्याचं मरण पक्कं करतो. हे सगळ्यांना कळतं, म्हणून पहिला कुणीच होत नाही. सगळे 'अजून एक फेरी बघू' म्हणत राहतात. मग चोर कोसळतो, आणि आता तर त्याला सोडून जाणं शक्यच नसतं. पुजारी त्याला उठवायला जवळ जातो, दोघं एका शंकूत सापडतात. टीपीकेची गोष्ट ऐकाल तर नव्वद टक्के वेळा याच क्रमाने ऐकाल (आकडा माझ्या कानांचा, कुठल्या पाहणीचा नाही).

यावर उपाय लढाईच्या आधीच करावा लागतो. काही गट एक खुणेचा शब्द ठरवतात. तो कुणीही उच्चारला की वाद न घालता सगळ्यांनी पुढच्याच पाळीला निघायचं. कुठे जमायचं तेही आधी ठरलेलं. शब्द केव्हा उच्चारायचा? कुणी कोसळल्यावर नाही, त्याच्या आधी. एकाही वाराने ड्रॅगनला फरक पडलेला दिसला नाही, किंवा एका फटक्यात कुणाचे निम्म्याहून जास्त पॉइंट्स गेले, तर तोच इशारा समजावा.

आणि कुणी कोसळलंच तर?

तर ते लगेच मेलं असं नाही. शून्यावर आलेलं पात्र प्रत्येक पाळीला वीस बाजूंचा फासा टाकतं. १० किंवा वर पडले तर एक यश, खाली पडले तर एक अपयश. तीन यश म्हणजे स्थिर, तीन अपयश म्हणजे मृत्यू. १ पडला तर दोन अपयशं एकदम, २० पडले तर पात्र एका हिट पॉइंटसह शुद्धीवर येतं. कुणी मदत केली नाही आणि कुणी आणखी मारलंही नाही, तर वाचण्याची शक्यता साधारण ६० टक्के. म्हणजे पडलेल्या मित्राकडे किमान दोन फेऱ्या तरी बहुधा असतात. या दोन फेऱ्या ड्रॅगनला मनोऱ्याच्या दुसऱ्या बाजूला ओढून नेण्यात घालवल्या, तर त्या मित्रावर झुकून बसण्यापेक्षा त्याचा जास्त फायदा होतो.

पुजाऱ्याचा 'हीलिंग वर्ड' ६० फुटांवरूनही चालतो, जवळ जायची गरज नाही. मिळतात चार-सात पॉइंट्सच, पण माणूस स्वतःच्या पायांवर पळू लागतो. तोही संपला असेल तर उचला. ताकद १६ असलेला योद्धा नियमाप्रमाणे २४० पौंड, म्हणजे सुमारे १०९ किलो वाहू शकतो. एल्फ जादूगार त्याच्या पोथीसकट त्यात सहज बसतो.

आणि कधी कधी एकाला मागे राहावं लागतं. हा निर्णय त्या पात्राच्या खेळाडूने स्वतः घ्यावा, बाकीच्यांनी त्याच्यावर लादू नये. दारात उभा राहून बाकीच्यांना दोन फेऱ्या मिळवून देणारं पात्र गटाला वर्षानुवर्षं आठवतं. ज्याला न विचारता मागे सोडलं, तो खेळाडूही आठवतो, कारण तो पुढच्या शनिवारी येत नाही.

पुन्हा डेमोगॉर्गन

विलला गाठणारा डेमोगॉर्गन खेळातला जुना दैत्य आहे, १९७६ च्या 'एल्ड्रिच विझर्ड्री' या पुस्तकापासूनचा. दोन डोकी, सोंडांसारखे हात. २०१५ मध्ये आलेल्या 'आउट ऑफ द ॲबिस' या साहसात तो नव्या पार्टीसमोर लवकरच येतो. पात्रं नुकतीच भूगर्भातल्या ड्रो एल्फांच्या कैदेतून सुटलेली असतात, अंगावर धड शस्त्रंही नसतात. स्लूब्लूडॉप या मासळीसारख्या कुओ-टोआंच्या गावात दोन पंथांचं भांडण चाललेलं असतं, आणि बळी देण्यासाठी पार्टीचाच विचार होत असतो. तेवढ्यात काळ्या तलावातून डेमोगॉर्गन वर येतो. हिट पॉइंट्स ४०६, चॅलेंज रेटिंग २६.

इथे लढाई अपेक्षितच नाही. तो गाव चिरडत असताना पार्टीने होडी गाठायची, एवढाच प्रसंग. त्याच्याकडे बघूनही पात्रांची शुद्ध हरपू शकते. चांगला डीएम इथे काय करतो, ते बघण्यासारखं आहे. तो फासे टाकून लढाईचा क्रम ठरवतच नाही. आधी गावातल्या सगळ्यात बलदंड योद्ध्याला एका फटक्यात नाहीसा होताना दाखवतो. मग विचारतो, 'होड्या डावीकडे आहेत, तुम्ही काय करता?' लढाईचा क्रम लावला की खेळाडूंना वाटतं लढायचं आहे. न लावता प्रश्न विचारला की ते इकडेतिकडे बघू लागतात. तुम्ही डीएम असाल तर एवढी एक गोष्ट उचलावी. आणि तरीही कुणी तलवार उपसलीच, तर आडून न सुचवता सरळ सांगावं, 'तुझ्या पात्राला कळतंय की हे त्याच्या आवाक्याबाहेर आहे.' ते पात्र त्या जगात वाढलेलं आहे, त्याला हे कळणारच. त्यात डीएमची फसवाफसवी काही नाही.

सगळे कोसळले तरी एक दार उघडं राहतं. पाचव्या आवृत्तीत जवळून केलेल्या वाराने कुणाला शून्यावर आणलं, तर मारणारा त्याला ठार करण्याऐवजी बेशुद्ध करू शकतो. हा नियम मॉन्स्टरनाही लागू आहे. डाकू खंडणी मागतील, गॉब्लिन कोंडून ठेवतील, व्हेनमफँग कामाला लावेल. 'आउट ऑफ द ॲबिस'ची तर सुरुवातच अशी होते. पहिल्या पानावर पात्रं बेड्यांमध्ये असतात, अंगावर फाटके कपडे, बाहेर भूगर्भातला अंधार, आणि पहारेकरी बदलायला अजून थोडा वेळ असतो.